कापूस ते गाठ : जिनिंग कारखान्यातील यंत्रांचा मेळ व कामाची आखणी

वर्धा जिल्ह्यात कापूस हे खरिपातील प्रमुख नगदी पीक आहे. हिंगणघाट, वर्धा, देवळी, आर्वी, सेलू, समुद्रपूर या भागांत दसरा-दिवाळीपासून कापसाच्या गाड्या बाजाराकडे निघतात. हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकातही तलम धाग्यासाठी नावाजलेला होता आणि त्याच शतकाच्या अखेरीस हिंगणघाट व पुलगाव येथे कापड गिरण्या उभ्या राहिल्या. असे असले तरी बहुतेक शेतकऱ्यांचा कापसाशी असलेला संबंध बाजारातील काट्यावरच संपतो. पुढे कापसापासून रुई व सरकी वेगळी होते, रुईची गाठ बांधली जाते आणि दर्जाप्रमाणे तिचा भाव ठरतो. या टप्प्याशी शेतकऱ्याचा परिचय कमी असतो.

अलीकडे शेतकरी गट व उत्पादक कंपन्या कापूस न विकता गाठ करून विकण्याचा विचार करू लागल्या आहेत. काही ठिकाणी स्वतःचा जिनिंग कारखाना उभारण्याचीही चर्चा होते. अशा वेळी सर्वसाधारणपणे पहिला प्रश्न विचारला जातो तो यंत्राच्या किमतीचा व अनुदानाचा. खरे तर तो तिसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की, या कारखान्याला पुरेल एवढा कापूस आपल्याकडे आहे काय? आणि दुसरा असा की, कापूस आत आल्यापासून गाठ बाहेर पडेपर्यंत सर्वांत सावकाश चालणारा टप्पा कोणता? बैलजोडीतील एक बैल कितीही चपळ असला तरी वखर दुसऱ्या सावकाश बैलाच्या चालीनेच चालते. कारखान्याचेही तसेच आहे. या लेखात याच दृष्टीने जिनिंगची माहिती दिली आहे.

कापसाचा कारखान्यातील प्रवास

आधुनिक जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात कापूस पुढील क्रमाने जातो.

१) गंजी : आलेला कापूस प्रत व ओलावा पाहून वेगवेगळ्या गंजींत ठेवतात.
२) उचल : पूर्वी बायामाणसे टोपल्यांनी कापूस वाहत. आता हवेच्या झोताने ओढणारा नळ किंवा चालता पट्टा हे काम करतो. याच वाटेवर दगड व लोखंड अडविण्यासाठी सापळा व चुंबक असतो.
३) पूर्वसफाई : खिळे बसविलेल्या फिरत्या नळकांड्यांवरून कापूस उधळला जातो व पालापाचोळा, माती जाळीतून खाली पडते.
४) रेचणी : रेच्यावर, म्हणजे जिनवर, रुई व सरकी वेगळी होते.
५) रुईची सफाई व ओलावा : रुईतील बारीक कचरा काढतात. रुई फार कोरडी असेल तर दमट हवेने तिला योग्य ओलावा देतात.
६) दाबणी : प्रेसमध्ये रुई दाबून गाठ बांधतात. आपल्या देशात गाठीचे प्रमाणित वजन १७० किलो आहे.
७) नोंद : गाठीवर क्रमांक, लॉट व वजन लिहितात आणि नमुना तपासणीसाठी काढतात.

रेचा कसा काम करतो

महाराष्ट्रात प्रामुख्याने दुहेरी रोलरचा रेचा वापरतात. त्याचे मूळ अमेरिकेतील फोन्स मॅकार्थी याने १८४० साली पेटंट घेतलेल्या रोलर जिनमध्ये आहे. त्यापूर्वी, १७९३ साली, एली व्हिटनी याने दाते असलेला जिन तयार केला होता. त्याचा पुढील अवतार असलेला करवती जिन झपाट्याने काम करतो, परंतु लांब धाग्याला रोलरचा जिन अधिक मानवतो.

रेच्यात खरबरीत पृष्ठभागाचा रोलर धाग्याला पकडून एका स्थिर सुरीखाली ओढतो. सरकी जाड असल्यामुळे सुरीच्या कडेशी अडते. तेवढ्यात दुसरी, हलणारी सुरी सरकीला टोला देते व सरकी सुटून खाली पडते. सर्व कामगिरी रोलरचा खरबरीतपणा, स्थिर सुरीचा दाब व दोन सुऱ्यांमधील अंतर या तीन गोष्टींवर अवलंबून आहे. रोलर गुळगुळीत झाला की सरकीवर रुई राहून जाते. सुऱ्यांची जुळणी बिघडली की सरकी फुटते आणि तिचे तुकडे रुईत मिसळतात. म्हणून रोलरच्या खाचा वेळोवेळी नव्याने पाडाव्या लागतात व सुऱ्या जुळवाव्या लागतात.

जुन्या पद्धतीचे रोलर क्रोम चामड्याच्या चकत्यांचे असतात. ते झिजताना निघणाऱ्या भुकटीत क्रोमियम असते व ती कामगारांच्या आरोग्याला अपायकारक आहे. केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने (सिरकॉट) यावर उपाय म्हणून क्रोमविरहित रोलर विकसित केले आहेत. नवीन यंत्र घेताना या रोलरची चौकशी जरूर करावी. या संस्थेची सुरुवात १९२४ साली मुंबईत माटुंगा येथे झाली. तिचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपूर येथे असल्यामुळे वर्धा जिल्ह्यातील गटांना ते सोयीचे आहे.

यंत्रांचा मेळ : एक उदाहरण

समजा, एका कारखान्यात १२ रेचे आहेत व प्रत्येक रेचा तासाला ६० किलो रुई देतो. म्हणजे तासाला ७२० किलो रुई मिळावयास हवी. रुईचा उतारा ३४ टक्के धरला तर यासाठी तासाला सुमारे २१ क्विंटल कापूस रेच्यांपर्यंत पोहोचला पाहिजे. प्रेसची क्षमता तासाला १० गाठींची आहे. पूर्वसफाईचे यंत्र मात्र तासाला १८ क्विंटलच कापूस काढते.

आता हिशेब करा. १८ क्विंटल कापसातून ६१२ किलो रुई निघेल, म्हणजे तासाला साधारण ३.६ गाठी. आठ तासांच्या पाळीत २८ गाठी पूर्ण होतील. बाराही रेचे पूर्ण चालले असते तर ३३ गाठी झाल्या असत्या. रोज पाच गाठींचे नुकसान होत आहे आणि मालकाला मात्र वाटते की रेचे कमी पडतात. त्याने आणखी दोन रेचे घेतले तरी गाठी २८ च राहतील, कारण अडथळा रेच्यावर नसून पूर्वसफाईवर आहे. मोठी प्रेस घेतली तरी काही फरक पडणार नाही. पूर्वसफाईची क्षमता २२ क्विंटलपर्यंत वाढविली तरच उत्पादन वाढेल.

आता दुसरी बाजू पाहा. याच कारखान्यात दवाने भिजलेला ओला कापूस आला. ओला धागा रोलरला गुंडाळतो व रेचा सावकाश चालतो. समजा, प्रत्येक रेच्याचे उत्पादन ६० वरून ४५ किलोवर आले. मग १२ रेच्यांचे मिळून तासाला ५४० किलो, म्हणजे पाळीला २५ गाठी होतील. आता अडथळा पूर्वसफाईवरून रेच्यावर सरकला. यंत्र तेच, माणसे तीच, वीजही जवळजवळ तेवढीच. केवळ ओलाव्यामुळे गाठी घटल्या. यावरून लक्षात येईल की कारखान्याची क्षमता यंत्रावर लावलेल्या पत्र्यावर लिहिलेली नसते. ती दर दिवशी येणाऱ्या कापसाप्रमाणे बदलते.

म्हणून प्रत्येक टप्प्याजवळ पाटी लावून दर तासाला किती माल पुढे गेला याची नोंद ठेवावी. ज्या टप्प्याच्या आधी माल तुंबतो व ज्याच्या पुढची यंत्रे रिकामी फिरतात, तो टप्पा अडथळ्याचा समजावा. खर्च करावयाचा तो प्रथम तेथे करावा.

कोणते काम यंत्राला, कोणते माणसाला?

केंद्र शासनाने फेब्रुवारी २००० मध्ये कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले. त्यातील चौथे लघुअभियान जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या आधुनिकीकरणासाठी होते. या काळात अनेक कारखान्यांत टोपल्यांची जागा पट्ट्यांनी व नळांनी घेतली, रेच्यांना स्वयंचलित भरणी आली आणि सरकी मळसूत्री वाहकाने बाहेर जाऊ लागली. जमिनीशी व पायांशी येणारा रुईचा संबंध तुटल्यामुळे गाठी स्वच्छ झाल्या. हा मोठा फायदा होता. त्याचबरोबर टोपल्या वाहणाऱ्या मजुरांचे, विशेषतः स्त्रियांचे, काम कमी झाले हेही नाकारता येत नाही.

गटाने स्वयंचलन करताना पुढील नियम पाळावा. जड, धुळीचे व धोक्याचे काम प्रथम यंत्राकडे द्यावे. डोळ्यांनी पारखण्याचे काम माणसाकडे ठेवावे. यामागे केवळ दयाबुद्धी नाही. पूर्वसफाईचे यंत्र पाला व माती काढते, पण खताच्या पोत्याचा प्लॅस्टिक धागा, सुतळी, केस, पुड्यांचे कागद काढू शकत नाही, कारण ते कापसाइतकेच हलके असतात व कापसाबरोबरच पुढे जातात. रेच्यात व पुढे सूतगिरणीत अशा एका धाग्याचे असंख्य तुकडे होतात. सुतात ते दिसत नाहीत, मात्र कापड रंगविल्यावर डागासारखे उठून दिसतात. हा दोष काढण्याची सोपी जागा एकच आहे, ती म्हणजे रेचणीपूर्वी कापूस पसरून निवडण्याचे टेबल. टोपली वाहणाऱ्या हातांना येथे काम देता येते व त्यांच्या कामाची किंमतही वाढते.

स्वयंचलित ओळीत आणखी एक शिस्त महत्त्वाची आहे. यंत्रे सुरू करताना शेवटच्या टोकाकडून सुरुवात करावी. आधी रुई व सरकी वाहून नेणारी यंत्रे, मग रेचे, मग पूर्वसफाई आणि सर्वांत शेवटी कापसाची उचल. बंद करताना याच्या उलट, म्हणजे उचल प्रथम बंद करावी. मधले एखादे यंत्र बंद पडले तर त्याच्या मागील सर्व यंत्रे आपोआप थांबतील अशी विजेची जोडणी करून घ्यावी. ही सोय नसेल तर काही मिनिटांतच माल तुंबतो, पट्टे घसरतात, घर्षणाने तापतात आणि आगीला निमंत्रण मिळते.

स्वतःचा कारखाना की करारावर जिनिंग?

वरील उदाहरणातील १२ रेच्यांचा कारखाना दिवसाला एक पाळी, २८ गाठी, याप्रमाणे १२० दिवस चालवावयाचा असेल तर ३,३६० गाठी होतील. ३४ टक्के उताऱ्याने एका गाठीला ५ क्विंटल कापूस लागतो. म्हणजे हंगामाला १६,८०० क्विंटल कापूस हवा. एकरी ६ क्विंटल उत्पादन धरले तर २,८०० एकरांचा कापूस झाला.

आता १०० एकर पऱ्हाटी असलेल्या गटाचा विचार करा. त्यांचा कापूस ६०० क्विंटल, गाठी १२०. या कारखान्याला हे काम जेमतेम साडेचार दिवसांचे आहे. उरलेले दिवस यंत्रे बंद राहतील, परंतु कर्जाचे व्याज, विजेचा स्थिर आकार, विमा व पहारेकरी यांचा खर्च चालूच राहील. बाहेरचा कापूस विकत घेऊन यंत्रे चालवू, असे अनेकदा सांगितले जाते. पण मग गटाला शेती सोडून कापसाचा व्यापार करावा लागतो आणि त्यासाठी खेळते भांडवल कारखान्याच्या किमतीहूनही जास्त लागू शकते.

म्हणून लहान गटाने सुरुवातीला चालू कारखान्यात करारावर आपला कापूस रेचून गाठी करून घ्याव्यात. १०० गाठींचा एक लॉट डोळ्यांसमोर ठेवला तर हिशेब असा राहील : कापूस ५०० क्विंटल, रुई १७० क्विंटल, सरकी सुमारे ३२० क्विंटल आणि घट १० क्विंटल. करारात पुढील बाबी स्पष्ट लिहून घ्याव्यात.

१) आपला लॉट सुरू करण्यापूर्वी पूर्ण ओळ रिकामी व स्वच्छ केली जाईल.
२) कापूस, रुई, सरकी व कचरा या चारही गोष्टींचे वजन आपल्या प्रतिनिधीसमोर होईल.
३) किती टक्क्यांपर्यंत घट मान्य आहे व त्यापुढील घट कोण सोसणार.
४) सरकी कोणाची व ती केव्हा उचलावयाची.
५) प्रत्येक गाठीचा क्रमांक व वजन यांची यादी मिळेल आणि नमुना तपासणीला जाईल.

उताऱ्यातील एक टक्का किरकोळ वाटतो. परंतु ५०० क्विंटल कापसावर एक टक्का म्हणजे ५०० किलो रुई, जवळजवळ तीन गाठी. वजनाचा जमाखर्च जुळतो की नाही हे पाहण्यासाठी एक माणूस दिवसभर उभा करणे म्हणूनच परवडते. एक-दोन हंगाम असे काम केल्यावर आपल्या कापसाचा उतारा, गाठीचे गिऱ्हाईक व कामातील अडचणी कळतात. त्यानंतर अनेक गटांनी एकत्र येऊन किंवा सहकारी संस्थेमार्फत कारखान्याचा विचार करणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

आखणी उलट्या क्रमाने करा

ज्यांच्याकडे पुरेसा कापूस आहे व कारखाना उभारावयाचा निर्णय पक्का झाला आहे, त्यांनी कामाचा आराखडा हंगामाच्या पहिल्या दिवसापासून मागे मोजत करावा. आपण पेरणीची तयारी अशीच करतो. मृगाचा पाऊस ठरलेला असतो. त्याआधी नांगरट, वखराच्या पाळ्या, बियाणे यांचे दिवस मागे मोजून ठरवितो. मोठ्या उद्योगांत यासाठी शास्त्रीय पद्धती वापरतात. १९५७ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यू पाँट या रासायनिक कंपनीत व १९५८ मध्ये तेथील नौदलाच्या पोलॅरिस प्रकल्पात अशा पद्धती विकसित झाल्या. त्यांचे सार असे : सर्व कामांची यादी करा, कोणते काम कोणत्या कामानंतरच होऊ शकते ते लिहा, प्रत्येकाला लागणारा वेळ मांडा आणि सर्वांत लांब साखळी शोधा. त्या साखळीतील काम एक दिवस लांबले तर पूर्ण प्रकल्प एक दिवस लांबतो. इतर कामांना थोडी सवड असते.

नमुन्यादाखल एक आराखडा पुढे दिला आहे. प्रत्यक्ष कालावधी आपापल्या ठिकाणच्या परिस्थितीप्रमाणे बदलून घ्यावा.

कारखाना सुरू : १५ ऑक्टोबर
चाचणी व कामगारांचे प्रशिक्षण : १ ते १५ ऑक्टोबर
यंत्रांची उभारणी व अंतर्गत वीजजोडणी : १५ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर
यंत्रे जागेवर पोहोचणे : १५ ऑगस्टपर्यंत (मागणीपासून चार महिने धरल्यास मागणी १५ एप्रिलपूर्वी)
पाया, शेड, छप्पर व रस्ता : १५ फेब्रुवारी ते ३१ मे
विजेच्या जोडणीचा अर्ज : १५ फेब्रुवारीपूर्वी
यंत्राची निवड व पायाचा नकाशा : जानेवारीअखेर
कर्जमंजुरी व परवानग्या : आदल्या नोव्हेंबरपासून १० फेब्रुवारीपर्यंत

या आराखड्यात तीन गोष्टी विशेष लक्षात घ्याव्यात.

पहिली, पाऊस. वरवर पाहता शेड मे अखेर पूर्ण होते व उभारणी १५ ऑगस्टला सुरू होते, म्हणजे अडीच महिन्यांची सवड दिसते. ती सवड खरी नाही. छप्पर ३१ मेपर्यंत झाले नाही तर जूनमध्ये पावसाला सुरुवात होते, काळ्या जमिनीत ट्रक रुततो आणि काम दिवाळीच्या पुढे जाते. शेडच्या कामात पंधरा दिवसांचा उशीर झाला तर पूर्ण हंगाम हातचा जाऊ शकतो. म्हणून कर्जमंजुरी, शेड व छप्पर हीच येथील निर्णायक साखळी आहे.

दुसरी, जमीन. वर्धा जिल्ह्यातील काळी कसदार जमीन पाण्याने फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. यंत्राचा पाया अशा मातीवर घेतल्यास तो हलतो, रोलर व सुऱ्यांची जुळणी बिघडते व बेअरिंग जातात. पाया काळ्या थराखालील मुरमापर्यंत न्यावा किंवा अभियंत्याच्या सल्ल्याने काळी माती काढून मुरमाची भर घालावी.

तिसरी, नकाशा. यंत्रे ऑगस्टमध्ये येणार असली तरी पायातील बोल्टच्या जागा यंत्राच्या नकाशावरूनच ठरतात. म्हणून यंत्राची निवड पाया खोदण्यापूर्वी झाली पाहिजे. आधी पाया व मग यंत्र असा उलटा क्रम झाला तर पाया फोडावा लागतो.

यंत्राचे मागणीपत्र कसे असावे?

यंत्र मागविताना केवळ 'चांगल्या प्रतीचे' असे लिहून चालत नाही. या बाबतीत जुने पण उत्तम उदाहरण आहे. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्याच्या अटी नेमक्या होत्या. यंत्र हलके असावे व खेड्यातील झोपडीत हाताने किंवा पायाने चालविता यावे. स्त्रीला फार श्रम न होता आठ तास काम करता यावे. आठ तासांच्या कामात १२ ते २० नंबरचे १६,००० फूट सूत निघावे. किंमत १५० रुपयांपेक्षा जास्त नसावी. यंत्र किमान २० वर्षे टिकावे आणि वर्षाचा दुरुस्ती खर्च किमतीच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. पुढे वर्धा येथील मगनवाडीत ग्रामोद्योगांचे काम सुरू झाले व ३० डिसेंबर १९३८ रोजी मगन संग्रहालय उघडले, त्यामागेही हीच दृष्टी होती : यंत्र कोणासाठी, किती काम देणारे व कोणाला दुरुस्त करता येणारे हे आधी ठरले पाहिजे.

जिनिंगच्या मागणीपत्रातही याच पाच गोष्टी लिहाव्यात : विशिष्ट ओलाव्याच्या कापसावर तासाला किती रुई, विजेचा वापर किती, सरकी फुटण्याचे प्रमाण किती, वर्षाचा सुटे भाग व दुरुस्तीचा खर्च किती आणि बिघाड झाल्यास कारागीर किती तासांत येणार. शेवटचे दहा टक्के बिल आपल्या कापसावर चाचणी समाधानकारक झाल्यावरच देण्याची अट ठेवावी.

चाचणी व आगीपासून संरक्षण

चाचणी तीन पायऱ्यांनी घ्यावी. प्रथम प्रत्येक यंत्र रिकामे चालवून आवाज, बेअरिंगची उष्णता व फिरण्याची दिशा पाहावी. नंतर पूर्ण ओळ रिकामी चालवून मधले यंत्र मुद्दाम बंद करावे व मागील यंत्रे थांबतात की नाही ते तपासावे. शेवटी बागायती कापसाच्या पहिल्या वेचणीतील माल घेऊन पूर्ण पाळी चालवावी व दर तासाचे वजन लिहावे.

जिनिंगमध्ये आगीचा धोका नेहमीच असतो. कापसाबरोबर आलेला खडा किंवा खिळा फिरत्या भागावर आपटून ठिणगी पडते. ही ठिणगी रुईत तासन् तास, गाठीत तर काही दिवसही धुमसत राहते. म्हणून चुंबकावरील लोखंड प्रत्येक पाळीत काढावे. गंजींमध्ये मोकळी जागा सोडावी. पाण्याची टाकी भरलेली ठेवून पंपाची आठवड्यातून एकदा तपासणी करावी. विडी-काडी फाटकावरच जमा करून घ्यावी. ठिणगी दिसलेल्या वेळेतील गाठी गोदामात न ठेवता उघड्यावर वेगळ्या ठेवाव्यात. कामगारांना नाक-तोंड झाकण्यासाठी मुखपट्टी द्यावी, कारण रुईची धूळ वर्षानुवर्षे फुप्फुसात गेल्यास श्वसनाचा आजार जडतो.

हंगाम संपल्यावर आवारात कापूस, कवडी व सरकी पडून राहू देऊ नये. त्यात गुलाबी बोंडअळी दडून राहते व पुढील हंगामात जवळच्या शेतांवर जाते. २०१७ मध्ये राज्यातील कापूस उत्पादकांनी या किडीचा मोठा फटका सोसला आहे. आवारात कामगंध सापळे लावावेत.

पहिला टप्पा शेतातच

सर्व हिशेब केल्यावर असे दिसते की कारखान्याच्या ओळीतील पहिला टप्पा कारखान्यात नसून शेतात आहे. तेथे खर्च फारसा लागत नाही, केवळ शिस्त लागते.

१) वेचणी सकाळचे दव वाळल्यावर सुरू करावी. हमीभावाच्या खरेदीत ८ टक्के ओलावा हा पाया धरतात, ८ ते १२ टक्क्यांपर्यंत प्रमाणात कपात होते व १२ टक्क्यांवरील कापूस घेतला जात नाही.
२) पूर्ण उमललेली बोंडे वेचावीत व खालच्या फांद्यांकडून वर जावे, म्हणजे वरचा पालापाचोळा वेचलेल्या जागी पडतो.
३) वेचणीस कापडी झोळी व साठवणीस सुती कापड वापरावे. खताची पोती व प्लॅस्टिकची सुतळी कापसाजवळ आणू नये. वेचणाऱ्या बायांनी डोक्याला रुमाल बांधावा.
४) पहिली, दुसरी व शेवटची वेचणी आणि कवडी वेगवेगळी ठेवावी. एका पोत्यातील कवडीने पूर्ण गंजीची प्रत उतरते.
५) वजन वाढावे म्हणून कापसावर पाणी मारू नये. ते पाणी काट्यावर दोन रुपये देते, पण रेच्यावर गटाच्या रोजच्या गाठी कमी करते आणि रुई पिवळी पाडते.

शेतकरी बंधूंनो, गटाची पुढील सभा घ्याल तेव्हा यंत्राच्या दरपत्रकाआधी फळ्यावर तीन आकडे लिहा : आपल्या सर्वांचा मिळून कापूस किती क्विंटल, तो रेचण्यास किती दिवसांचे काम आणि हंगाम सुरू होण्यास किती दिवस बाकी. या तीन आकड्यांवरून कारखाना उभारावा, करारावर जिनिंग करावे की यंदा केवळ वेचणी सुधारावी, हे पुष्कळसे स्पष्ट होईल. अधिक माहितीसाठी जवळच्या कृषी विज्ञान केंद्राशी किंवा नागपूर येथील जिनिंग प्रशिक्षण केंद्राशी संपर्क साधावा.